दुपारी तीनची उलटतपासणी

३ मार्च, रविवार

प्रिय दादा,

आधी तब्येतीचं विचारते, पत्राची सुरुवात तिथूनच करायची अशी आपल्या घरची शिस्त. गुडघा कसा आहे? पंपाच्या दुकानात अजून स्वतः वाकून काम करतोस, असं मामेभाऊ म्हणाला. सदुसष्टाव्या वर्षी वाकायला माणसं ठेवावीत. मी बरी आहे. रक्तदाब आहे, पण तो आता घरच्यासारखाच झालाय.

बाबा गेल्याचं तुला कळलंच आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. त्यांना त्रास झाला नाही. सकाळी स्वतः दाढी केली. दुपारी जेवताना ‘आज मीठ कमी आहे’ अशी तक्रार नोंदवली आणि तीनच्या सुमारास आपल्या कामाच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. एक्याण्णव वर्षं झाली होती. मी पलीकडच्या खोलीत होते. आवाज थांबला म्हणून बघायला गेले, तर पेन्सिल हातात तशीच होती.

तू आला नाहीस त्याबद्दल मी काही म्हणत नाही. लोकांनी विचारलं, मी ‘प्रवास लांबचा’ म्हणून सांगितलं.

कामाचं असं आहे. वकील संघात १२ एप्रिलला शोकसभा आहे. संघाचे अध्यक्ष येऊन गेले. यांना कोर्टात सगळे हरकतसाहेब म्हणतात, कारण समोरच्याने ‘नमस्कार’ म्हटलं तरी यांची हरकत असते. त्यांना बाबांच्या आयुष्यावर घरच्यांनी लिहिलेलं एक पान हवंय. मी म्हटलं, साठ वर्षांची वकिली आणि एक्याण्णव वर्षांचा माणूस एका पानात कसा बसवू? तर म्हणाले, “तुम्ही तीस वर्षं त्यांच्या टाइपरायटरवर बसलात, तुम्हाला नाही जमणार तर कोणाला?” बसले तर खरी मी, पण दुसऱ्याचं टाइप करायला. स्वतःचं एक वाक्य लिहायचं म्हणजे हात आखडतो.

तरी काय काय लिहिलंय ते सांगते. काही चुकलं असेल तर कळव.

ते रोज दीडला जेवायला घरी यायचे. आई त्यांच्याशिवाय जेवत नसे, म्हणून. एकदा न्यायाधीशांनी विचारलं, “वकीलसाहेब, अजून दहा मिनिटं थांबता येईल का?” बाबा म्हणाले, “महाराज, इथे हरलो तर वरच्या कोर्टात जाता येतं. घरी ती सोय नाही.” तेव्हापासून त्या कोर्टात दीडला काम थांबायचं, सगळ्यांचंच.

आई शेवटची अकरा वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा तिची वेणी तेच घालायचे. माझ्याकडून घालून घेतलेली त्यांना चालत नसे. तीन पेड हातात धरून म्हणायचे, “हा वादी, हा प्रतिवादी, आणि हे मधलं कोर्ट. कोणी कोणाला ओढायचं नाही.” आई हसायची. हसताना तिला खोकला यायचा, की हे वेणी सोडून तिची पाठ चोळत बसायचे आणि मग पुन्हा पहिल्यापासून वेणी. कोर्टाला उशीर झालेला मी फक्त या एका कारणाने पाहिलाय.

नवराबायकोच्या भांडणाचं काम आलं की आधी दोघांना बाहेरच्या बाकावर अर्धा तास शेजारी शेजारी बसवायचे आणि आपण आत उगीच कागद चाळायचे. बरीच कामं बाकावरच मिटायची. कारकून कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, “साहेब, त्या बाकानं आपलं दुकान बसवलं.”

आणि तालीम. ती लिहू की नको, ठरत नाही. तुला आठवत असेलच. मोठी साक्ष असली की आदल्या रविवारी ते कामाच्या खोलीत टेबलासमोर ती वेताची खुर्ची ठेवायचे आणि आपल्यापैकी एकाला साक्षीदार म्हणून बसवायचे. मग उलटतपासणी. आपण सात-आठ वर्षांचे असल्यापासून जमीनदार झालो, भाडेकरू झालो, मी तर एकदा दारूच्या नशेत गाडी हाकणारा झाले होते. तुझी त्रेधा उडायची. तू खुर्चीत बसलास की टाच फरशीवर घासायला लागायचास, आणि बाबा म्हणायचे, “साक्षीदार पाय हलवतोय, याची नोंद घ्या.” मी मात्र पक्की होते. विचारलं तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं आणि उत्तर झालं की तोंड मिटायचं, कारण वकील गप्प बसला की खोटा साक्षीदार आपणहून बडबडायला लागतो. हे सगळं मला दहाव्या वर्षी पाठ होतं.

तर शेवटी ‘कुटुंब’ म्हणून लिहायचं आहे. मी लिहिलंय, ‘मागे एक मुलगा आणि एक मुलगी असा परिवार.’ हरकतसाहेबांनी विचारलं, “मुलगा बोलणार का सभेत?” मी म्हटलं, विचारते. निदान चार ओळी लिहून पाठव. तुझ्या आठवणीतले बाबा. जसे असतील तसे.

घर तसंच आहे. दुपारी जरा जास्तच शांत असतं, आणि मला तिन्हीसांजेपर्यंत त्या खोलीत जायला नको वाटतं, एवढंच.

तुझी धाकटी,
मुंगी

१९ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. ‘पत्र पोचलं. सभेला जमेल असं वाटत नाही. काळजी घे.’ तीन वाक्यं. तू साक्षीत असा बोलला असतास तर बरं झालं असतं, असं मनात आलं आणि मग दिवसभर ते वाक्य मला बोचत राहिलं. रागावू नकोस.

आज मला तुला दुसरंच सांगायचंय, आणि ते वाचून तू हिला म्हातारचळ लागला म्हणशील. म्हण.

आई गेल्यानंतर, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, बाबांनी पुन्हा तालीम सुरू केली. कोर्टात जाणं तर कधीच सोडलं होतं. रोज दुपारी झोपून उठायचे, तीनला कामाच्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारायचे. मला आधी वाटलं, जुनी सवय आहे, म्हाताऱ्या माणसाला काहीतरी उद्योग हवा. प्रश्न त्यांच्या आवाजात आणि उत्तरं बारीक, फुटक्या आवाजात. तसंही साक्षीदाराची नक्कल त्यांना चांगली यायची.

बाबांना सांभाळायला ज्या बाई यायच्या, त्या दोन वर्षं टिकल्या. मग एक दिवस पिशवी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ताई, मला एका माणसाला सांभाळायला ठेवलंत. इथं दोघं आहेत.”

मी म्हटलं, “अहो, ते दोन्ही आवाज काढतात. वकील होते ते.”

“तसं नाही. काल मी त्यांना पाणी पाजत होते. तोंडाला पेला लावलेला. आणि तो बोलला.”

मी हसण्यावारी नेलं. दुसरी बाई शोधली, ती कानांनी जरा मंद होती, टिकली.

पण मीही ऐकायचे, दादा. पलीकडच्या खोलीत बसून. मला वाटायचं, समोर ती विधवा बाई आहे. तुला आठवते ना, बाबांकडे तिच्या घराचा खटला होता. दीर तिला बाहेर काढायला बघत होता आणि तिच्याकडे नवऱ्याच्या नावचं मूळ खरेदीखत होतं, लाल लाखेचं सील लावलेलं. बाबांनी ते शनिवारी अभ्यासाला घरी आणलं आणि रविवारी सकाळी ते टेबलावर नव्हतं. पुढचं तुला मी काय सांगू? सोमवारी कोर्टात दाखवायला कागद नाही. दिराने खोटा कागद आणला, तो टिकला, बाईचं घर गेलं. बाबांनी तिला आपल्याच गल्लीत खोली बघून दिली आणि ती मरेपर्यंत, चौदा वर्षं, दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन बसायचे. ती त्यांना एका शब्दाने बोलली नाही. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं आईला म्हणताना मी ऐकलंय. त्यानंतर मूळ कागद त्यांनी कधी घरी आणला नाही.

म्हणून मला वाटायचं, तिच्याशीच बोलत असतील. म्हाताऱ्या माणसाला जुनं देणं टोचतं.

आता ते गेले. अठ्ठावीस दिवस झाले. आणि दादा, तालीम थांबलेली नाही.

प्रश्न ऐकू येत नाहीत. फक्त उत्तरं येतात. तीनला मी पलीकडे विणत बसलेली असते, आणि आधी फरशीवर घासल्याचा आवाज होतो. थांबून थांबून. मग कोणीतरी बोलतं. शब्द लागत नाहीत, सूर लागतो. बाईचा नाही. आवाज फुटायला लागलेल्या मुलाचा आहे, एकदा जाड आणि मध्येच चिरकतो. एक उत्तर झालं की पुढच्या प्रश्नाएवढी वाट बघतो, आणि पुन्हा बोलतो. चार वाजता थांबतं.

पहिल्या आठवड्यात मी रेडिओ लावायचे. दुसऱ्या आठवड्यात शेजारणीला चहाला बोलावलं, बरोबर तीनला. ती बसली, गप्पा झाल्या, आणि मध्येच म्हणाली, “पाहुणे आलेत का? मुलगा कोणाचा?” मी म्हटलं, हो, आलेत.

काल धीर करून सकाळी अकराला खोलीत गेले. सगळीकडे धुळीचा थर आहे, मीच झाडलं नाही. खुर्चीवर धूळ नाही. खुर्चीसमोर फरशीवर उजव्या टाचेच्या जागी घासून एक पांढुरका पट्टा पडलाय, बोटभर रुंद. हात लावला तर फरशीचा चुरा बोटाला लागला. ताजा.

टेबलाच्या खणात कागद सापडले. सहा वर्षांचे, गठ्ठे बांधून ठेवलेले. डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तरं, कोर्टात लिहितात तसे. प्रश्न बाबांचे, त्यांच्या थरथरत्या हाताचे, एका ‘क’ला तीन वळणं पडलेली. उत्तरांचा हात थरथरत नाही. गोल, नीट, ओळीच्या किंचित वर चढत जाणारं अक्षर आहे. मी माळ्यावरची तुझी आठवीची भूगोलाची वही काढून शेजारी ठेवली. मी तीस वर्षं कागदपत्रं हाताळली आहेत, दादा, सह्या जुळवल्या आहेत. यात शंका घ्यायला जागा नाही.

बाबा रोज तुझीच उलटतपासणी घेत होते. तोच रविवार. सहा वर्षं, रोज.

शेवटच्या दिवशीच्या कागदावर एकच प्रश्न आहे. त्याच्यासमोर उत्तर नाही. तो प्रश्न मी इथे लिहीत नाही. पान टेबलावर ठेवलं आणि खोलीला कुलूप लावलं.

तू तिकडे बरा आहेस ना? दुपारी तीन वाजता तू काय करतोस? झोपतोस का? विचारायला हरकत नाही म्हणून विचारते.

उत्तर पाठव. एका वाक्याचं चालेल.

मुंगी

२ एप्रिल, मंगळवार

दादा,

तू लिहिलंस, ‘तीनला दुकानात असतो. डोळा लागतो कधीकधी. लागला की स्वप्नात बाबा प्रश्न विचारतात. पन्नास वर्षांची सवय आहे, त्यात नवं काही नाही.’ हे पत्र मी उशीखाली ठेवलंय. दोनदा वाचलं आणि आता ठरवलं की जे सांगायचं ते सांगून टाकायचं, मग पोस्टात टाकायला पाय नाही उचलले तर गोष्ट वेगळी. आज तब्येतीचं वगैरे विचारत नाही.

खरेदीखत मी घेतलं होतं.

तुला हे वाचून धक्का बसणार नाही, असं मला आता वाटतं. का ते पुढे सांगते. पण मला हे माझ्या हाताने लिहायचंय. रोज पंधरा-वीस प्रतिज्ञापत्रं टाइप करायचे मी, प्रत्येकाच्या तळाशी ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’. त्या ओळीवर माझी बोटं इतकी बसली होती की डोळे मिटून टाइप व्हायची. एकदाही थांबले नाहीत.

मला ते सील हवं होतं, एवढंच. लाल, गोल, त्यावर सिंहाचं तोंड. बाबा शनिवारी आईला दाखवत होते तेव्हा मी पाहिलं. रविवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले, आई स्वयंपाकात, तू बाहेर सायकल पुसत होतास. मी कात्री घेऊन गेले. मला वाटलं, कडेने कापलं तर कागद तसाच राहील. सील लाखेचं, कापताना मोडलं आणि कागद मधोमध फाटला. मग न्हाणीचं दार वाजलं. मी कागद फ्रॉकमध्ये घालून मागच्या मोरीवर पळाले, कपड्यांच्या बादलीत बुडवला, चोळला, लगदा केला आणि पाणी ओतून टाकलं. जुना कागद, लगेच विरघळला. दहा मिनिटांत बाईचं घर मोरीतून गेलं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. सोमवारी कळलं.

दुपारी तीनला बाबांनी आपल्याला खोलीत बोलावलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय या घरात कोणाला शिक्षा होत नव्हती, याचा आपल्याला केवढा अभिमान होता. आधी मला बसवलं.

“खोलीत गेली होतीस?”

“नाही.”

“दादा गेला होता?”

“हो.”

“काय करत होता?”

“मला दिसलं नाही.”

मग ते गप्प बसले, मुद्दाम, किती तरी वेळ. मीही गप्प बसले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काय आलं ते मी पाहिलं. कौतुक होतं ते. त्यांनीच शिकवलं होतं सगळं, आणि मुलगी शिकली होती.

मग तू. तू खोलीत गेला होतास हे कबूल केलंस. का गेलास तर पेन्सिल घ्यायला. मग म्हणालास पेन्सिल नाही, फूटपट्टी. खोलीत कोणी होतं का, यावर तू आधी थांबलास. “नाही,” म्हणालास. टाच घासत होतास. बाबांनी चार वाजेपर्यंत तेच तेच विचारलं, उलटून, फिरवून, आणि तू दर वेळी वेगळं सांगितलंस. कुठल्याही कोर्टाने तुलाच खोटं ठरवलं असतं. ते म्हणाले, “चूक मला पोटात घालता येते. खोटं नाही घालता येत.” आणि तुला वर्षभरासाठी मामाकडे पाठवलं.

वर्ष संपलं तेव्हा तू येत नाही म्हणालास. त्यानंतर ते दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला बस पकडून मामाकडे यायचे, तू घराबाहेर पडायचास आणि ते संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून परतायचे. त्या तारखेला त्यांनी कधी काम घेतलं नाही. घरी आले की आई विचारायची, “भेटला?” ते म्हणायचे, “पुढची तारीख मिळालीय.” अशा सव्वीस तारखा मी मोजल्या आहेत. त्यातल्या कुठल्याही रात्री मी जेवणाच्या ताटावर ‘कागद मी घेतला’ असं म्हणू शकले असते. म्हटलं नाही. आधी भीती वाटायची, मग लाज, आणि मग आई आजारी पडली, आणि मग सवय झाली. खरं तर मला बाबा हवे होते, आणि ते एकटीलाच मिळत होते. हे लिहायला मला त्रेपन्न वर्षं लागली.

आता त्या प्रश्नाचं सांगते. शेवटच्या कागदावरचा. सहा वर्षं तुला विचारून झाल्यावर, मरायच्या दिवशी, बाबांनी लिहिलं होतं: ‘मग त्या वेळी मुंगी कुठे होती?’

त्यांना शेवटी सुचलं. इतक्या मोठ्या वकिलाला हा प्रश्न पडायला अर्धं शतक गेलं, कारण मी त्यांची मुलगी होते आणि मी उत्तरं छान दिली होती. मी पलीकडच्या खोलीत तो प्रश्न ऐकला, दादा. मोठ्याने विचारला त्यांनी. मग आवाज थांबला म्हणून मी गेले, असं मी तुला लिहिलं. मी लगेच नाही गेले. बऱ्याच वेळाने गेले.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खोलीचं कुलूप काढलं. किल्ली एकच आहे, ती माझ्या गळ्यात असते. पान टेबलावर ठेवलं होतं तसंच होतं. प्रश्नासमोर उत्तर लिहिलेलं होतं. तुझ्या आठवीतल्या अक्षरात, पेन्सिलने: ‘तिला विचारू नका. ती लहान आहे.’

मी तिथेच फरशीवर बसले. भूगोलाची वही शेजारी धरून पुन्हा एकेक अक्षर जुळवलं.

म्हणजे तुला माहीत होतं. सायकल पुसता पुसता तू मागे आला असशील, मोरीवर मला पाहिलं असशील. मग खोलीत गेलास ते कागद कुठला ते बघायला, आणि बाबांनी तुला दारात पाहिलं. तू बावचळला नव्हतास. तू मला झाकत होतास आणि तुला झाकता येत नव्हतं, कारण तू चांगला साक्षीदार नव्हतास.

काल मी ठरवलं की आपण त्या खुर्चीत बसायचं आणि सगळं मोठ्याने सांगायचं, भिंतींना का होईना. तीनला पाच कमी असताना गेले. बसायला वाकले, हात खाली टेकला, तर वेत कोमट होता. आणि खाली दबलेला. दिवसाढवळ्या, खिडकी उघडी, रस्त्यावर भाजीवाला ओरडतोय, आणि मला त्या खुर्चीत बसता आलं नाही, कारण ती रिकामी नव्हती. दिसत काहीच नव्हतं. मी टेबलाला वळसा घालून बाबांच्या जागी जाऊन बसले. दुसरी जागाच नव्हती.

टाच घासायला लागली. समोर, माझ्यापासून चार हातांवर. मला वाटलं होतं मी किंचाळेन, पण तो आवाज मला इतका ओळखीचा होता की भीतीच्या आधी रडू आलं.

मी म्हटलं, “दादा, तू मला पाहिलं होतंस का?”

टाच थांबली.

“बाबा ऐकतायत का?” तो म्हणाला. स्पष्ट, तुझाच चिरकणारा आवाज.

“नाही,” मी म्हटलं. “आता नाही ऐकत.”

“मग सांगतो. पाहिलं. मोरीवर.” मग म्हणाला, “तू रडू नको. मी नाही सांगितलं.”

मी त्याला म्हटलं की माझं चुकलं. तुला जे म्हणायचं ते मी चौदा वर्षांच्या मुलाला म्हटलं, सगळं, आता लिहिलं तसं. तो ऐकत होता की नाही कळलं नाही. शेवटी मी म्हटलं, “झालं आता. विचारायचं काही राहिलं नाही. तू जा.”

टाच एकदा घासली. मग तो म्हणाला, “कुठे?”

दादा, मला त्याला सांगता आलं नाही. मामाकडे, असं कसं म्हणू? आणि घरी, असं म्हणावं तर तो घरीच आहे. त्रेपन्न वर्षं तो या खोलीतून हललेलाच नाही. चार वाजले, आवाज थांबला, पण वेत उठला नाही. आज सकाळी पुन्हा हात लावून पाहिला. कोमट आहे.

शोकसभेत मी पान वाचणार आहे. दीडचं जेवण, आईची वेणी, बाहेरचा बाक, सगळं आहे त्यात, आणि ते सगळं खरं आहे. ते तसेच होते. त्याच्या खाली मी हे लिहिलंय, खरेदीखत कोणी नेलं, शिक्षा कोणाला झाली, आणि साक्ष कोणाची होती. नावानिशी. हरकतसाहेबांना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “माझी हरकत नाही.”

सभेला आला नाहीस तरी चालेल. मला माफ केलं नाहीस तरी मी समजेन. पण घरी ये. माझ्यासाठी नको. एक मुलगा इथे खुर्चीत बसलाय, माझं ऐकून उठत नाही, आणि त्याला हाताला धरून बाहेर नेईल असं माणूस तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. तो तुला ओळखेल का, मला माहीत नाही. तू त्याला ओळखशील.

दार लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.

मी खोटं बोलले होते.

तुझी बहीण